विमापत्रावरची नावे



गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, माझ्या धाकट्या बहिणीकडे दोन महिने राहून आलो. प्रवासवर्णनाने आपला वेळ घेण्याचा माझा विचार नाही. ती आपण पुष्कळ ऐकली आहेत. तिच्या घरी एके दिवशी टपालाने एक कागद आला, त्याच्यावरून घरात थोडी वादावादी झाली, आणि त्या वादात मी, इतिहासाचा प्राध्यापक असूनही, चुकीच्या बाजूला होतो. ती हकीगत आणि त्या कागदामागचा तीनशे वर्षांचा इतिहास, असे दोन्ही आज सांगणार आहे.

कागद मोटारीच्या विम्याचा होता. जुन्या पॉलिसीची मुदत संपत आली होती आणि नवी देण्यापूर्वी कंपनीने एक तक्ता भरून मागितला होता. या घरात राहणाऱ्या, गाडी चालवण्याच्या वयाला पोचलेल्या सर्व माणसांची नावे, जन्मतारखा आणि लायसनचे क्रमांक लिहा. जे गाडी चालवत नाहीत त्यांचीही नावे लिहा आणि पुढे तसा शेरा मारा. घरात बहीण, मेहुणे आणि भाचा अशी तीन माणसे. भाच्याला नुकतीच सतरा वर्षे पूर्ण झाली होती. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षापासून मोठ्या माणसाला शेजारी बसवून गाडी शिकता येते आणि सतरा पूर्ण झाल्यावर एकट्याने चालवण्याचे लायसन मिळते. ते लायसन त्याच्या खिशात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्याचे नाव तक्त्यात लिहिले तर वर्षाचा हप्ता जवळजवळ दुप्पट होईल, असा मेहुण्यांचा हिशेब होता.

बहीण म्हणाली, "दादा, गाडी आमची, पैसे आमचे. घरात कोण कोण राहतं याच्याशी त्यांना काय करायचंय?"

मी म्हणालो, "अगं, मग लिहूच नकोस. पोरगा आठवड्यातून एकदा दोनचार मैल गाडी नेणार. कोण येतंय तिथं बघायला?"

भाचा समोरच बसला होता. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "मामा, पण मी चालवत असताना काही झालं तर?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आपल्याकडच्या सवयीने मी बोलून गेलो होतो. आपल्याकडे नावांच्या यादीची गंमत ठाऊकच आहे. रेशनकार्डावर नाव चढवायला आपण धावतो आणि गावी गेलेल्या माणसाचे नाव कमी करायला विसरतो. इथे यादी उलट होती. जितकी नावे कमी तितका खर्च कमी. एवढाच काय तो फरक माझ्या डोक्यात होता.

शिवाय दुसरीही एक सवय आड आली. भारतात मोटारीचा विमा मुख्यतः गाडीकडे बघून उतरवला जातो. गाडीची आजची किंमत किती, इंजिन किती क्षमतेचे, गाडी किती जुनी, नोंदणी कुठली, यांवर हप्ता ठरतो. कोण चालवणार, हे सहसा नावानिशी कोणी विचारत नाही. कायदेशीर लायसन असलेल्या आणि बंदी न घातलेल्या कोणत्याही माणसाने गाडी चालवावी, असे एक ओळीचे कलम पॉलिसीत असते आणि काम भागते. त्यामुळे इथून तिकडे गेलेल्या आपल्या माणसांना तो तक्ता आगाऊपणाचा वाटतो. मलाही वाटला. भाच्याच्या प्रश्नाने मात्र मला स्वस्थ बसू दिले नाही. गावात चांगले सार्वजनिक ग्रंथालय होते. दुपारी घरात कोणी नसे. मी तिकडे जाऊन बसू लागलो.

आणि मौज अशी की, पुस्तके चाळता चाळता मी मोटारीवरून थेट समुद्रावर जाऊन पोचलो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाचे कॉफीगृह होते. तिथे जहाजांचे मालक, कप्तान, व्यापारी यांची ऊठबस असे, आणि तिथेच जहाजांचे विमे उतरवले जात. पुढे त्या कॉफीगृहाची संस्था झाली आणि १७७९ साली तिने जहाजविम्याचा एक ठरीव मसुदा स्वीकारला. हा मसुदा थोडेथोडके नव्हे, दोनशे वर्षे चालला. त्यात जहाजाच्या नावाखाली एक मोकळी जागा असे. या सफरीत देवाखालोखाल या जहाजाचा कप्तान कोण, ते त्या जागेत लिहायचे. आणि पुढे छापलेले असे की, किंवा त्याच्या जागी दुसरा जो कोणी कप्तान होऊन जाईल तो.

हे वाचले आणि मी थांबलो. विमा जहाजाचा आणि मालाचा. पण विमा देणारा विचारतो, सुकाणूवर हात कोणाचा? आपल्या कोकणातला माणूसही हेच विचारील. होडी कितीही भक्कम असो, नाखवा कोण हे कळल्याशिवाय तो पाय टाकणार नाही. मात्र त्या मसुद्यात दुसरी सोयही होती. वाटेत कप्तान आजारी पडला, मेला, बदलला, तर विमा बुडू नये म्हणून 'दुसरा जो कोणी' हे शब्द घातलेले होते. चालवणाऱ्याचे नाव विचारणे आणि नाव नसलेल्यालाही सांभाळून घेणे, या दोन गोष्टी अशा पहिल्यापासून एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. मोटारविम्याचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोहोंची ओढाताण आहे.

दुसरी गोष्ट सचोटीची. सुमात्रा बेटावर इंग्रजांचा मार्लबरो नावाचा एक किल्ला होता. तिथल्या गव्हर्नर कार्टर याने लंडनमधल्या आपल्या भावाकरवी, युरोपियन शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी, असा विमा १७६० साली उतरवला. फ्रेंचांनी त्याच साली किल्ला घेतला. विमा देणारा बोम म्हणाला, किल्ला कच्चा होता, हल्ल्याची भीती होती, हे तुम्ही आम्हाला सांगितले नाही. खटला १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्डपुढे आला. निकाल कार्टरच्या बाजूने गेला, हे ध्यानात ठेवा. बोमला जे लंडनमध्ये बसून सहज कळण्यासारखे होते ते त्याने विचारायला हवे होते. पण निकाल देताना मॅन्सफील्डने जे तत्त्व मांडले ते पुढे सर्व विम्यांच्या मुळाशी बसले. जोखमीच्या खऱ्या गोष्टी बहुधा विमा उतरवणाऱ्यालाच ठाऊक असतात; विमा देणारा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून चालतो; म्हणून माहीत असलेले दडवून ठेवणे म्हणजे फसवणूक. सुमात्राचा किल्ला लंडनच्या माणसाला दिसत नव्हता. माझ्या बहिणीच्या घरात कोण राहते, हेही कंपनीला दिसत नव्हते.

आता मोटारीकडे येऊ. अमेरिकेतल्या अगदी पहिल्यावहिल्या मोटारविम्यांत बफलो शहरातल्या एका डॉक्टराची १८९८ सालची पॉलिसी सांगतात. हप्ता होता १२ डॉलर २५ सेंट. त्या काळी रस्त्यावर मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. भीती होती ती घोडे बुजण्याची. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी लॉइडच्या मंडळींपुढे मोटारीचा विमा आला, तेव्हा त्यांच्याजवळ त्यासाठी मसुदाच नव्हता. त्यांनी जहाजाचाच मसुदा काढला आणि मोटार म्हणजे कोरड्या जमिनीवर चालणारे जहाज असे धरून पॉलिसी लिहिली, असे सांगतात. तेव्हा चालवणाराही एकच असायचा. एक तर हौशी मालक स्वतः, नाही तर त्याने पगारावर ठेवलेला ड्रायव्हर. घरातली बाकीची माणसे मागे बसत. यादी करण्याचा प्रश्नच नव्हता.

हा प्रश्न उत्पन्न केला हेन्री फोर्डने. १९०८ साली त्याची 'मॉडेल टी' गाडी निघाली आणि १९२७ सालापर्यंत तशा दीड कोटीच्या वर गाड्या तयार झाल्या. शेतकरी, कारकून, दुकानदार यांच्या दारात मोटार आली. आणि मोटार दारात आली की ती एकट्या बापाची राहत नाही. ज्या घरी एक सायकल आणि तीन मुले आहेत, त्या घरच्या श्रोत्यांना हे निराळे सांगायला नको. आई बाजाराला नेते, मुलगा मित्रांकडे नेतो, मुलगी सहलीला नेते. गाडी एकाच्या नावावर, चालवणारे चौघे.

मग अपघात होऊ लागले आणि न्यायालयांपुढे कोडे पडले. मुलाने बापाची गाडी नेली आणि रस्त्यावरच्या माणसाला धडक दिली, तर भरपाई कोणी द्यायची? मुलाजवळ पैसा नाही. बाप म्हणतो, मी गाडीत नव्हतोच. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९१३ साली असा खटला आला. मुलगी घरची गाडी घेऊन गेली होती. न्यायालय म्हणाले, कुटुंबाच्या सुखासाठी बापाने गाडी ठेवली, मुलगी तिचा त्याच कामासाठी उपयोग करत होती, तेव्हा ती बापाचेच काम करत होती; भरपाई बापाने द्यावी. चारच वर्षांनी, १९१७ साली, न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने याच्या नेमके उलटे ठरवले. मुलगा स्वतःच्या मौजेसाठी गाडी नेत असेल तर तो बापाचा नोकर कसा, असे त्यांचे म्हणणे. तर्काने दोन्ही बाजू ठीकच दिसतात. पण मधल्यामध्ये रस्त्यावर पाय मोडून पडलेला माणूस न्यूयॉर्कात रिकाम्या हाताने घरी जाई आणि वॉशिंग्टनमध्ये नुकसानभरपाई घेऊन जाई. शेवटी १९२४ साली न्यूयॉर्कने कायदाच केला, की मालकाच्या परवानगीने जो कोणी गाडी चालवील त्याच्या हयगयीला मालक जबाबदार. परवानगी तोंडी दिलेली असो वा गृहीत धरलेली असो.

मालक जबाबदार झाला, पण मालकच कफल्लक असेल तर? कनेटिकट राज्याने १९२५ साली कायदा करून अपघात करणाऱ्या मोटारवाल्याकडून पैसे देण्याच्या ऐपतीचा पुरावा मागायला सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्सने त्याच साली आणखी पुढची पायरी घेतली आणि १ जानेवारी १९२७ पासून तिथे विम्याशिवाय मोटारीची नोंदणी बंद झाली. सर्वांना सक्तीचा विमा करणारे अमेरिकेतले हे पहिले राज्य. ब्रिटनने १९३० साली तसा कायदा केला. आपल्या देशात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ही तरतूद होती, ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली.

या सक्तीचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपल्या घराला आग लागेल म्हणून आपण विमा उतरवला, तर तो आपल्यासाठी. मोटारीचा सक्तीचा विमा गाडीवाल्याच्या लाभासाठी केलेला नाही. तो तिऱ्हाइतासाठी आहे. हप्ता आपण भरतो, पण तो ज्याच्यासाठी भरायचा तो माणूस आपल्या ओळखीचा नसतो. तो अजून आपल्याला भेटलेलाही नसतो, आणि ईश्वर करो आणि कधी न भेटो.

त्या माणसाला पैसे मिळायचे तर चालवणारा कोण यावरून विमा अडून बसता कामा नये. म्हणून अमेरिकेतल्या पॉलिसींत एक सर्वसमावेशक कलम रूढ झाले. मालकाच्या परवानगीने चालवणाऱ्या कोणालाही विम्याचे छत्र मिळू लागले. १९५६ साली तिथल्या कंपन्यांनी नवी पॉलिसी काढली, तिचे नावच कुटुंबाची मोटार पॉलिसी असे होते. १९७७ साली तिची जागा घेणारी पॉलिसी आली. तिच्यातही घरात राहणारा रक्ताचा, लग्नाचा किंवा दत्तक नात्याचा प्रत्येक माणूस कुटुंबीय धरलेला आहे. म्हणजे बघा, लॉइडच्या मसुद्यातले ते 'दुसरा जो कोणी' हे शब्द वाढत वाढत सगळ्या घरावर पसरले.

इथे इंग्लंडमधली एक हकीगत सांगण्याजोगी आहे, आणि तिचा धागा मुंबईशीही आहे. मर्ल ओबेरॉन ही त्या काळातली गाजलेली चित्रपटतारका. तिचा जन्म १९११ साली मुंबईत झाला, ही गोष्ट तिने आयुष्यभर लपवून ठेवली आणि आपण टास्मानियाच्या असे सांगितले. १९३७ साली लंडनमध्ये तिच्याच मोटारीत बसून जाताना, गाडी तिचा ड्रायव्हर चालवत असताना, अपघात झाला आणि ती जखमी झाली. तिचा चालू असलेला चित्रपट कायमचा अर्धवट राहिला. तिने आपल्या ड्रायव्हरवर दावा लावला. ड्रायव्हर विमा कंपनीला म्हणाला, मालकिणीच्या परवानगीने मी चालवत होतो, तेव्हा पॉलिसीचे छत्र माझ्यावरही आहे. भरपाई तुम्ही द्या. कंपनी म्हणाली, पॉलिसी त्या बाईंचीच. त्या स्वतःच्याच पॉलिसीत तिऱ्हाईत कशा? प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९४३ च्या निकालसंग्रहात ते छापलेले आहे. निकाल ड्रायव्हरच्या बाजूचा झाला. परवानगीने चालवणारा माणूस हा त्या वेळेपुरता स्वतःच विमेदार, आणि त्याच्या दृष्टीने मालकीणही तिऱ्हाईतच. विमा गाडीचा, का मालकाचा, का चालवणाऱ्याचा, या जुन्या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळाले असेल.

आता माझ्या बहिणीच्या प्रश्नाकडे परत येऊ. घरात कोण राहते याच्याशी कंपनीला काय करायचे आहे? उत्तर या इतिहासातच आहे. कंपनीने एका माणसाची जोखीम घेतलेली नाही. घरातल्या सगळ्यांची घेतली आहे. मुलाला किल्ली मिळाली की तो त्या छत्राखाली आला. मग छत्राखाली किती माणसे आहेत आणि कोणत्या वयाची, हे तिने विचारले तर त्यात आगाऊपणा कसला? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या दरमंडळाने १९३९ साली गाड्यांचे वर्ग पाडले, तेव्हा पंचवीस वर्षांखालचा चालक घरात आहे की नाही, हा त्यातला एक कस होता. तरुण पोरांचे अपघात जास्त, हे हिशेबातून दिसले होते. आजच्या तक्त्यातला जन्मतारखेचा रकाना त्या वर्गवारीच्याच वंशातला आहे.

एक बदल मात्र नमूद करायला हवा. मॅन्सफील्डच्या काळापासून विमेदाराने सर्व काही आपण होऊन सांगावे, असा दंडक होता. सामान्य माणसाला तो जाचक होई. काय सांगायचे ते त्याला कळणार कसे? ब्रिटनने २०१२ साली कायदा करून हे ओझे उतरवले. तो कायदा २०१३ च्या एप्रिलपासून अमलात आहे. आता साध्या ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांची काळजीपूर्वक खरी उत्तरे द्यायची. पण याचाच अर्थ असा, की प्रश्न विचारल्यावर पळवाट उरत नाही. तिकडे काही आईबाप मुलाची गाडी स्वतःच्या नावावर दाखवतात आणि मुख्य चालक आपणच असे लिहून देतात. याला तिथे खास नाव पडले आहे आणि ती फसवणूक समजली जाते.

आणि नाव दडवले तर काय होते? अमेरिकेत विमा हा राज्यांच्या कायद्याचा विषय आहे, त्यामुळे जागोजागी नियम निराळे. मॅसॅच्युसेट्समध्ये घरातला न कळवलेला माणूस गाडी चालवताना अपघात झाला, तर कायद्याने सक्तीचा असलेला भाग कंपनी तिऱ्हाइताला देते, पण मालकाने वर पैसे भरून घेतलेले जादा संरक्षण नाकारू शकते. म्हणजे जखमीच्या हाती कमी पडते आणि बाकीची मागणी मालकाच्या दारात येऊन उभी राहते. मिशिगनमध्ये घरातल्या एखाद्या माणसाला नाव घेऊन पॉलिसीतून वगळता येते. पण मग विम्याच्या दाखल्यावर स्पष्ट इशारा छापावा लागतो, की वगळलेल्या माणसाने गाडी चालवली तर दायित्वाचे सर्व संरक्षण रद्द, विमा कोणाचाच नाही, आणि मालक स्वतः पूर्ण जबाबदार. मी जिथे राहत होतो त्या न्यू जर्सीत तर २००३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा एक खटला निकालात काढला, की तो वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. नवऱ्याने विम्याच्या अर्जात बायकोचे नाव कळवले नव्हते. पुढे बायको गाडी चालवत असताना अपघातात जखमी झाली. तिथे दवाखान्याचा खर्च आपल्याच मोटारविम्यातून मिळतो. न्यायालयाने तो तिला नाकारला. घरात चालवणारे कोण, हे पत्नीला ठाऊक असायलाच हवे होते, असा त्याचा रोख. चार पैसे वाचावेत म्हणून गाळलेले नाव आणि दवाखान्यात पडलेले माणूस, दोन्ही एकाच घरचे होते.

माझ्या भाच्याने विचारले होते, काही झालं तर? त्याचे उत्तर हे होते.

याला दुसरी बाजू नाही असे नव्हे. गरीब घरात तरुण मुलगा असणे हा काही गुन्हा नाही, आणि एकाही अपघाताचा डाग नसलेल्या पोराने इतर पोरांच्या चुकांचे पैसे का भरावेत, हा प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी १९८८ साली मतदान करून कायदा केला, की हप्ता ठरवताना आधी चालवण्यातली सुरक्षितता, वर्षाला किती मैल गाडी जाते ते, आणि किती वर्षांचा अनुभव आहे ते बघावे. असा झगडा उघडपणे करावा. तो करण्याचा हक्क नागरिकाला आहे. नाव गाळणे हा झगडा नव्हे. शिवाय यादीत नाव घातले की हप्ता वाढलाच असेही नाही. घरात वृद्ध आईवडील आहेत आणि ते गाडीला हात लावत नाहीत, तर तसे लिहिता येते. जोडीला राहणाऱ्या भावाचा स्वतःचा दुसरा विमा असेल तर तेही कळवता येते. मुलगा शिकायला परगावी गेला किंवा नोकरी लागून वेगळा राहू लागला, तर ते कळवून हप्त्याचा फेरविचार मागता येतो. अमेरिकेत आज कितीतरी मराठी घरे आहेत, त्यांतल्या ज्यांच्यापर्यंत हे शब्द पोचतील त्यांनी एवढे जरूर करावे. दर वर्षी पॉलिसी नवी होताना घरातली माणसे एकदा मोजावीत.

आपल्याकडे अजून अशी यादी नाही, पण तत्त्व दूरचे नाही. २००४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, चालकाच्या लायसनात दोष असलेल्या प्रकरणांचा विचार करताना, सांगितले की अशा वेळी कंपनीने जखमी तिऱ्हाइताला आधी भरपाई द्यावी आणि मालकाचा दोष सिद्ध झाल्यास मागाहून ती त्याच्याकडून वसूल करावी. रस्त्यावरचा माणूस आधी, आपसातला हिशेब मागून. आपण किल्ली कोणाच्या हातात देतो, हे बघण्याची जबाबदारी इथेही मालकावरच आहे.

असो. दहाबारा दिवसांच्या वाचनाने मी भारावून गेलो होतो. एका संध्याकाळी चहा घेताना मी बहिणीला म्हणालो, "माझं चुकलं. त्या पोराचं नाव तू लिहायलाच हवंस." आणि लॉइडच्या कॉफीगृहापासून सांगायला सुरुवात केली.

तिने मला सुमात्रापर्यंत जाऊ दिले. मग म्हणाली, "दादा, तो कागद मी दुसऱ्याच दिवशी टपालात टाकला. ह्याचं नाव लिहून. तुझं लिहू का म्हणून विचारणार होते, पण तू पाहुणा. आणि तुला स्कूटरपलीकडे काही येत नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू एवढा रोज वाचायला जात होतास. म्हटलं, जाऊ दे." थोडे थांबून ती म्हणाली, "समोरच्या वळणावर सकाळी शाळेच्या बसला पोरं उभी असतात ना, ती दिसतात मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून. मला कंपनीचं काही नाही, दादा."

हप्ता वाढला, तो मेहुण्यांच्या हिशेबापेक्षा थोडा कमीच. भाच्याने शनिवारी एका दुकानात काम धरले आणि वाढीव पैशातला काही वाटा तो देऊ लागला. मी निघालो त्या दिवशी विमानतळावर मला त्यानेच पोचवले. शेजारी त्याची आई बसली होती, मागे मी. वळणावर त्याने गाडी अगदी सावकाश घेतली. पोरे तेव्हा तिथे नव्हती; रविवार होता.